नर्सबाईंची धामण

आमच्या सावली गावात टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. गावात साप निघाला की लोक मलाच बोलवायचे. मग शेजारी दवाखान्यातल्या नर्सबाई राहायला आल्या. कुणीतरी कुदळीनं जखमी केलेली धामण त्यांनी औषध लावून लाकडी पेटीत पाळली होती. तिच्याशीही त्या पेशंटशी बोलावं तशाच बोलायच्या, "काऊन गं बाई, जेवली नाई आज?"

एका सकाळी त्या पेटीत अंडी दिसली. बाईंनी ती मडक्यात ओलसर वाळूवर मांडली आणि चुलीपासून जरा दूर, उबेला ठेवली. बघायला सगळा मोहल्ला लोटला. मी म्हणालो, "बाई, हे काही फुटत नाई." खरं तर ती फुटूच नयेत, असं मला वाटत होतं.

पावसाळ्यात अंडी फुटली. बाई मडकं घेऊन भर गल्लीतून माझ्या दारात आल्या. "भाऊ, पिल्लं तुमीच सोडा जंगलात. सापाचं तुमाले समजते, मले कुठी समजते?"

मी निघालो. लोक माझं कौतुक करत मागून आले. बाई हात धुऊन ड्युटीवर निघून गेल्या, त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही. त्या न पाहण्याचा मला अंड्यांपेक्षाही जास्त हेवा वाटला.