रिकाम्या ऐरणीवरचा ठोका

कुणाच्या अंगात आलं की पदर तोंडाला लावून हसणारी बाई मी. सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हाच नवस, गंडेदोरे, भूतखेत सगळं आमच्या घरातून बाहेर गेलं. लग्न होऊन आले तेव्हा मला ते फार आवडलं होतं. त्यामुळे आज हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण जे झालं ते भर दुपारी झालं आणि घण माझ्या हातात होता. दुसऱ्या कुणाचं ऐकून सांगत नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. आमचे हे सरकारी ऑफिसात टायपिस्ट, पण हौस कसली, तर लोहारकामाची! उमरेड रोडच्या कडेला गाड्यांवरचे लोहार उतरायचे, त्यांच्याजवळ हे सुटीच्या दिवशी तासन् तास बसून राहायचे. मग घरामागे टिनाची शेड टाकली. कबाड्याकडून रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणून बाभळीच्या ओंडक्यात ठोकला — ही आमची ऐरण. माझी स्वयंपाकघरातली सांडशीसुद्धा भट्टीत गेली. भांडण झालं, पण सांडशी काही परत आली नाही. शेडला तिन्ही बाजूंनी गोणपाट लावलं होतं. का, तर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही म्हणे. नागपूरचा उन्हाळा, त्यात गोणपाट, त्यात भट्टी... हौसेला मोल नाही, दुसरं काय!

त्या वर्षी सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. जन्मभर घर एकहाती चालवलेली बाई. मी भरवायला बसले की मान फिरवायच्या.

"लेकराले घालतात तसं मले घालून राहिली तू," म्हणायच्या. "भाजी चिरता येत नाही त्या बाईनं जेवावं काहून?"

हळूहळू दोन घासांवर आल्या. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण पोटात अन्न नाही गेलं तर मी काही करू शकत नाही. हे त्या रात्री जेवले नाहीत. मग म्हणाले, "मी मायसाठी पावशी बनवतो. एका हाताची."

पावशी म्हणजे तुमच्याकडची विळी. तिला दोन्ही हात लागतात. यांनी डोकं लढवलं — पाटावर खिळे उलटे ठोकायचे, त्यात वांगं रोवायचं, आणि पातं एका टोकाला बोल्टनं बसवायचं, कैरी फोडायच्या अडकित्त्यासारखं. डाव्या हातानं मूठ दाबली की काम झालं. वाडीच्या एका गॅरेजमधून ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पट्टा आणला. पोलाद चांगलं, पण जाड! एकट्याच्या हातानं ते काही पातळ होईना. चार ठोके मारेपर्यंत थंड, पुन्हा भट्टीत. एक पातं पाणी देताना, म्हणजे तापवून पाण्यात बुडवताना, तडकलं. दुसरं वाकडं झालं. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. हे हसलेच नाहीत. तिकडे आईंचं तोंड दिवसेंदिवस लहान होत चाललं होतं.

मग एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या लोहारांच्यात घण बाईच मारते वं. बाप्या सांडशी धरते अन् छोट्या हातोडीनं जागा दाखवते."

"बाप्पा! म्हणजे आता मी लोहारीण?"

पण पदर खोचला आणि गेले. पद्धत साधी होती. ते हातोडीनं तापल्या लोखंडावर टिचकी देतील, मी तिथंच घण मारायचा. थांबवायचं असेल तेव्हा ते हातोडी बाजूला, रिकाम्या ऐरणीवर वाजवतील. लोखंडावरचा आवाज दबका येतो, रिकाम्या ऐरणीचा मोकळा, लांब जाणारा. तो आला की घण खाली घ्यायचा. बोलून उपयोग नाही, त्या ठणठणाटात ऐकू कुणाला येतं?

आठवड्याभरात माझा हात बसला. खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली होती.

त्या रविवारी दुपारी पट्ट्याचा शेवटचा तुकडा भट्टीतून काढला. चांगला नारिंगी झाला होता. यांची टिचकी, माझा घण. टिचकी, घण. पातं छान पसरत होतं. आणि मध्येच मला तो मोकळा आवाज आला. दोनदा. टिंग... टिंग...

मी घण खाली टेकवला.

हे ओरडले, "काहून थांबली? गरम आहे अजून!"

"तुम्हीच तर थांबवलं!"

"मी कधी थांबवलं? माही हातोडी तर पात्यावर आहे!"

खरंच पात्यावरच होती. पातं थंड पडत चाललं होतं आणि हे चिडले. मीही चिडले. घामानं डोळे झोंबत होते, म्हटलं तुमचं तुम्ही ठोका, मी पाणी पिऊन येते. आणि घरात गेले.

आई खाटेवर नव्हत्या. खाट आणि भिंत यांच्या सांदीत तोंडावर पडल्या होत्या. चेहरा गोधडीत रुतलेला, लुळा हात अंगाखाली. माझी किंकाळी ऐकून हे धावत आले. दोघांनी उचललं तेव्हा ओठ काळेनिळे झाले होते. पाठ चोळली, हाका मारल्या... कितीतरी वेळानं छाती भरली आणि त्या खोकल्या. हे तिथंच खाली बसून हमसून हमसून रडले. लग्नानंतर यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

नंतर यांनी पुष्कळ डोकं चालवलं. लोखंड थंड होताना टणकन वाजतं. टिन तापलं की वाजतं. आजूबाजूला कुठं बांधकाम असेल. मी प्रत्येक वेळी म्हटलं, असेल. पण आठवडाभर जो आवाज आला की हात थांबवायचा, तो मी ओळखणार नाही का?

पातं पुढं तयार झालं. पाणीही नीट बसलं. आईंनी डाव्या हातानं पहिलं वांगं चिरलं, फोडी एक जाड एक बारीक. त्या दिवशी भाकरी त्यांनी स्वतः कुस्करून खाल्ली. मी चुलीकडे तोंड करून बसले, डोळे पुसायला.

एकदा भेंडी चिरता चिरता त्याच म्हणाल्या, "नलू, त्या दिवशी मी हाक मारली नव्हती वं."

मी म्हटलं, तोंड दाबलं गेलं होतं, कशी माराल?

"येत होती मारता. पडली तेव्हा येत होती. मीच नाही मारली. म्हटलं, सुटली आता." मूठ दाबणारा हात थांबला. "मंग थे दोन ठोके वाजले अन् घण बंद झाला. मले वाटलं, आता ही आत येते. अन् मले बरं वाटलं वं, नलू. लय बरं वाटलं."

माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मराले निघाल्या माणसाले बरं काहून वाटावं?"

ठोके कुणी मारले, हे मला अजून सांगता येत नाही. त्या दिवशी मी उरलेली भेंडी त्यांच्या पुढ्यात सरकवली. त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या आणि घरातली भाजी शेवटपर्यंत त्यांनीच चिरली.