बकुळामावशीचं नाक

आमच्या बिल्डिंगीत सोळा घरं असली तरी नाक एकच, असं आम्ही म्हणायचो. ते नाक तिसऱ्या मजल्यावरच्या बकुळामावशी उजागरेंचं. अंबरनाथ पूर्वेला एमआयडीसीच्या इतक्या जवळ राहायचं म्हणजे संध्याकाळी कुठली तरी कंपनी हवेत काहीतरी सोडणार आणि आपण खिडक्या लावून बसणार, हे ठरलेलंच. कधी कुजक्या अंड्यांचा वास, कधी सडक्या कोबीचा. आम्हाला तो कळेपर्यंत डोळे चुरचुरायला लागलेले असायचे. मावशीला आधीच कळायचं. ती गॅलरीत येऊन ओरडायची, "लावा गं खिडक्या!" आणि सगळ्या मजल्यांवर धडाधड खिडक्या लागायच्या.

मावशी मूळची जालन्याकडची. तीस वर्षं एका दवाखान्यात आयाचं काम केलं. नवरा, आनंदाकाका, इथल्याच एका केमिकल कंपनीत कामाला होता. चार वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा हलतो आणि डोळे. हॉलमध्ये खिडकीशी त्याची कॉट आहे. मावशी त्याला भरवते, पुसते, कुशीवर वळवते आणि वर त्याच्याशी भांडतेसुद्धा. तो उत्तर देत नाही म्हणून भांडण तिचं तिलाच जिंकावं लागतं.

दर डिसेंबरला ती त्याच्या खिडकीबाहेर नाताळचा तारा टांगते. आणि नाताळाआधीच्या चार रविवारी, बरोबर सात वाजता, टेबलावर मेणबत्त्या लावते. पहिल्या रविवारी एक, मग दोन, असं करत चौथ्या रविवारी चार. मग काकाचा हात हातात घेऊन प्रार्थना. खाली आमच्या घरात तिचं पुटपुटणं ऐकू यायचं.

त्या वर्षी चौथ्या रविवारी मावशी सर्दीने बेजार होती. मी पाच-सव्वापाचला करंज्या करायला वर गेले तेव्हा ती डोक्याला मफलर बांधून सारण ढवळत बसली होती. नाक चोंदलेलं, कानात दडे.

"मावशी, झोपा की जरा. मी करते सगळं."

"काय?"

"झोपा म्हटलं!"

"झोपून कसं चालंल? पडदे लावायचेत अजून. उल्हासनगरहून, कॅम्प दोनहून आणलेत नवीन. दुकानदार म्हणला, ले जाओ आंटी, अंकल को लाल रंग अच्छा लगेगा." मग तिने सारणाचा चमचा माझ्यापुढे धरला. "वेलची जास्त झाली का बघ. मला तर मेला वासच येत नाही."

वेलची जास्तच झाली होती. मी चांगलंय म्हटलं. मला उरकायची घाई असते, हे सगळी बिल्डिंग जाणते. पंचवीस-तीस करंज्या भरून, ताटात ओल्या फडक्याखाली झाकून मी निघाले. तळण सकाळी करायचं ठरलं. जाताना पाहिलं, तर मावशीने वाफ घ्यायला पातेलंभर पाणी बारीक गॅसवर ठेवलं होतं आणि गोळी घेऊन खुर्चीत जरा टेकली होती.

सहा वाजून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, करंज्यांचं कातण मी घरीच घेऊन आले. ते द्यायला परत वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि वास आला. चांगलाच उग्र.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मावशीच्या आधी मला कळलं होतं.

"मावशी, कंपनीने सोडला बघा! उठा, खिडक्या लावू."

ती खुर्चीत दचकून जागी झाली. "आला? मला काहीच नाही कळलं गं. लाव, लाव तू."

मी फटाफट कामाला लागले. गॅलरीचं दार लावलं. स्वयंपाकघरात गेले, तिथली खिडकी लावली. शेगडीवर पातेलं होतं, कडेने पाणी सांडलेलं, खालचा जाळ विझलेला. पाणी गरम करून झालं असेल, म्हातारीने गॅस बंद केला असेल, असं मनात आलं आणि गेलं. बटण मी पाहिलं नाही. बोटभर अंतरावर होतं, पण पाहिलं नाही.

राहिली हॉलची खिडकी. तिथून ताऱ्याची वायर आत आली होती, म्हणून झडप नीट लागेना. मी वायर काढून बाहेर सोडली. तेवढ्यात काकाचा डावा हात उठला. थरथरत वर आला, खिडकीकडे वळला, मग स्वयंपाकघराकडे, मग पुन्हा खिडकीकडे. घशातून एक आवाज निघाला.

"हो काका, लावते, लावते. थंडी वाजतेय ना?" असं म्हणून मी झडप जोर लावून ओढली आणि कडी घातली. वर तो नवा लाल पडदाही सरकवला. काकाचे डोळे माझ्यावर होते. मला वाटलं, बरं वाटलं असेल त्याला.

मी खाली आले. आमच्याही खिडक्या लावून घेतल्या. पावणेसात वाजता माझ्या सासूबाई, बनूबाई, भाजी घेऊन आल्या.

"दार-खिडक्या कशाला लावल्यास गं? कोंडलंय केवढं!"

"कंपनीचा वास येतोय ना, आई."

"कुठे? मी स्टेशनपासून चालत आले. काही वास नाही."

"अहो, वरती मावशीकडे तर उभं राहवत नव्हतं."

सासूबाई पिशवी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. "वरती आहे आणि खाली नाही? असं कसं?"

मी गॅलरीत धावले. हवा स्वच्छ होती. समोरच्या बिल्डिंगीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या, कोणाचा तरी टीव्ही चाललेला. आणि मग ते पातेलं डोळ्यांपुढे आलं, कडेने सांडलेलं पाणी, विझलेला जाळ. पाणी उतू जाऊन गॅस विझला होता. बटण चालूच होतं. आणि मी त्या घराच्या सगळ्या खिडक्या स्वतःच्या हाताने बंद करून आले होते.

घड्याळात सात वाजायला सहा मिनिटं होती. चौथा रविवार. चार मेणबत्त्या.

फोन करायला हात गेला आणि मी तो मागे घेतला. एक तर तिच्या कानात दडे, आणि फोनने आत काय होईल कोणास ठाऊक. काकाच्या आजारपणापासून त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे खिळ्याला असते. ती ओढून मी जिन्याने पळाले. वर दार आता ओढून घेतलेलं होतं. सवयीने माझं बोट बेलवर गेलं. टेकणार एवढ्यात थांबलं; बेलची एक ठिणगीही पुरली असती. आजही कधी कधी त्या बोटाकडे बघत बसते.

किल्ली लागेना. मी दारावर थापा मारत ओरडत होते, "मावशी, काडी लावू नका! काडी लावू नका!" आत काही हालचाल नाही. शेवटी कुलूप फिरलं.

मावशी टेबलापाशी उभी होती, नवी साडी नेसून, केस विंचरून. पुढे चार मेणबत्त्या. हातात काडेपेटी. छातीला मलम चोळून तिची बोटं बुळबुळीत झाली होती, काडी नीट धरवत नव्हती. एक काडी मोडून टेबलावर पडलेली. दुसरी तिने पेटीवर टेकवलेली.

मी तिच्या हातावर फटका मारला. काडेपेटी कॉटखाली गेली. मावशी कळवळून म्हणाली, "अगं, काय करतेस?" मी धावत स्वयंपाकघरात गेले. बटण बंद केलं, एकेक खिडकी उघडली, आणि काकाच्या उशाशी जाऊन ती कडी काढली, जी मीच घातली होती. झडप उघडताच त्याने तोंड बाहेर वळवून लांब श्वास घेतला. त्याचे डोळे वाहत होते.

दोघेही वाचले. नाताळला मावशीची सर्दी गेली, तारा लागला, करंज्या तळून झाल्या. चर्चची माणसं घरी आली तेव्हा मावशीने सगळ्यांसमोर मला जवळ ओढलं. "ही श्रद्धा. माझं नाक बंद, कान बंद. वर पाणी ठेवून मी मूर्ख झोपले. देवाने हिला धाडली, नाहीतर आम्ही दोघं आज तुम्हाला दिसलो नसतो." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी खिडक्या लावल्याचं तिलाही आठवतं, पण कंपनीचा वास म्हटल्यावर आपणच 'लाव' म्हटलं, दोष आपलाच, अशी तिची समजूत आहे. पातेलं मी पाहिलं होतं, काकाने मला अडवलं होतं, हे तिला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

कॉटवरून काकाचा डावा हात उठला. खिडकीकडे वळला, मग स्वयंपाकघराकडे, मग माझ्याकडे. कंपनीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कुठला वास कंपनीचा आणि कुठला शेगडीच्या गॅसचा, हे त्या संध्याकाळीही कळलेलं होतं.

"बघ, आशीर्वाद देतोय तुला," मावशी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी वाकून नमस्कार केला. अजूनही मी वर गेले की तो हात तसाच उठतो. त्याचा अर्थ त्या घरात आम्हा दोघांनाच कळतो, आणि दोघांत बोलता येतं ते फक्त मला.