मशीनची तीट

बाबांचा श्वास झोपेत अडायचा. डॉक्टरांनी मास्कमधून हवा देणारं मशीन वापरायला सांगितलं आणि ते आम्हाला आयतंच मिळालं. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीतल्या एका काकींचे यजमान नुकतेच गेले होते. मुलीकडे उलव्याला राहायला जाताना काकी त्यांचं मशीन आम्हाला देऊन गेल्या.

बाबांना गाढ झोप लागू लागली. आई एवढी खूश, की दृष्ट लागू नये म्हणून तिने मशीनला काजळाची तीट लावली. आमची आई सातारची, नवा मिक्सरसुद्धा तिच्या तावडीतून बिनतिटीचा सुटत नाही. म्हणून मास्कमध्ये काळे कण दिसू लागले तेव्हा मी तिच्यावरच डाफरले, "तुझं काजळ बाबांच्या नाकात चाललंय!" बिचारीने तीट पुसून टाकली. कण येतच राहिले, बाबांचा खोकलाही वाढला.

एका दुपारी काकी दारात उभ्या. हातात काकांचा जुना फोन. त्यावर कंपनीचा मेसेज आला होता.

"आतला फोम सडतो म्हणे. त्याचा भुगा हवेबरोबर छातीत जातो. सगळी मशीनं परत मागवलीत," त्या धापा टाकत म्हणाल्या. "फोनवर सांगितलं असतं तर तुमी उद्यावर ढकललं असतं. पण एकदम बंद नका करू हां, आधी डॉक्टरांना विचारा."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत भाड्याचं दुसरं मशीन घरात आलं. पुढे तपासण्या झाल्या. बाबांच्या छातीत काही निघालं नाही, खोकलाही हळूहळू गेला. त्या दुपारी आईने काकींचे हात धरले ते सोडेचना.

मी मात्र मध्येच विचारून बसले, "म्हणजे काकांना पण…"

काकी जुन्या मशीनकडे बघत होत्या. "त्यांना रोज मास्क मीच लावायचे. काळं दिसलं की पदराने पुसायचे आणि परत लावायचे." मग आईकडे वळून म्हणाल्या, "त्यांचं आता काय कळणार? तुमचं वेळेवर कळलं, बस झालं."

आज बाबा शेजारच्या खोलीत निवांत झोपलेले असले की मला काकी आठवतात आणि ऊर भरून येतो. तो मेसेज वाचून त्यांना उलव्याच्या घरात रडत बसता आलं असतं. त्या आधी आमच्याकडे आल्या.