अर्धा आत, अर्धा बाहेर

राहेल खोली बघायला आली तेव्हा घरमालक सर्जेराव आप्पा कमरेपर्यंत गच्चीवरच्या टाकीत होते आणि उरलेले अर्धे आप्पा शिरूरच्या आभाळात पाय झाडत होते. "कोन हाय?" त्यांनी आतूनच विचारलं. टाकी अशी घुमली की शेजारच्या गल्लीतले तिघं "मी, मी" करत बाहेर आले. ती दौंडची, दवाखान्यात नर्स, एवढं कळल्यावर मात्र आप्पा ओलेचिंब वर आले.

"सुई टोचता येती ना?"

त्यांच्या बायकोला, विठाबाईंना, रोज सकाळी इन्शुलिन लागायचं आणि सुई बघून आप्पाच आडवे व्हायचे. त्या दिवसापासून विठाबाईंनी दंड पुढे केला तो फक्त राहेलपुढं.

वर्षभर सुरळीत गेलं. मग राहेलच्या मोरीतला नळ गळायला लागला.

बारा खोल्यांच्या त्या इमारतीत आप्पांचा एकच कायदा होता: भिंतीच्या आतलं मालकाचं, बाहेरचं भाडेकरूचं. प्लंबर सत्यवानानं ठोकून पाहिलं. "आप्पा, पायपाचा एल्बो चिरलाय. अर्धा आत हाय, अर्धा भाईर."

न्हावऱ्याच्या शेतात वीतभर बांधासाठी आप्पा चुलतभावाशी एकोणीस वर्षं कोर्टात भांडले होते. त्यांनी टेप आणला, भिंतीवर चुन्याची रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. सत्यवान दोन चहा प्यायला, खोलीच्या पाण्याचा कॉक बंद करून निघून गेला. राहेल खालून बादल्या आणू लागली.

"आप्पा, निम्मे पैसे मी देते."

"निम्मं कुठनं मोजायचं?"

"मग सगळे देते. पण ड्यूटीवरून आल्यावर दोन जिने बादल्या चढवायला मी काही पहिलवान नाही."

"माझ्या भिंतीतलं तुमी कोन भरनार? उद्या म्हनाल, भिंत बी माझी!"

"मग तुम्हीच द्या ना सगळे!"

"दिलं असतं व्हो, सिस्टर. पर उद्या अकरा खोल्या दारात हुब्या ऱ्हातील."

विठाबाई खालून ओरडल्या, "आवं, एका नळापायी पोरीला घालवाल! मग मला काय तुमी टोचनार?"

हे आप्पांना कळत का नव्हतं? कळत होतं, म्हणून तर जीव थाऱ्यावर नव्हता. ते ताटावरून उठत, भिंतीला कान लावत, परत बसत, परत उठत. दिवसातून सहादा सत्यवानाला फोन लावत आणि तो "हॅलो" म्हणाला की बंद करत.

शनिवारी त्यांनी एकदाचं मन घट्ट केलं. सत्यवानाला आणायला स्वतः मोटरसायकल काढली. एसटी स्टँडपाशी अकराव्या खोलीतला रविराज भेटला.

"काय आप्पा, सिस्टरचा नळ तुमीच बसवून देताय म्हनं?"

आप्पांनी तिथूनच गाडी वळवली.

रविवारी राहेलनं दुसरीकडं खोली घेतली. सोमवारी सत्यवानानं वीस मिनिटांत एल्बो बदलला. पैसे आप्पांनी दिले, कारण द्यायला खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. विठाबाई आता इंजेक्शनसाठी रोज सकाळी रिक्षानं राहेलच्या दवाखान्यात जातात.