स्टोव्हची पिन

वडिलांच्या जुन्या गाडीचा कार्बुरेटर उघडला होता. त्यातल्या पितळी जेटमधून पेट्रोल जातं, पण त्याचं भोक केसाएवढं बारीक, तेच कचऱ्याने बुजलं होतं. मेकॅनिक त्यात स्टोव्हची पिन खुपसायला निघाला. मी त्याचा हातच धरला. पिनेने भोक मोठं होतं, गाडी पेट्रोल ढोसते, धूर ओकते आणि मग हेच शहाणे म्हणतात, "जुनं झालंय साहेब, फेकून द्या!"

घरातल्या म्हाताऱ्यांचंही तेच. आधी त्यांना बोलू द्यायचं नाही, मग म्हणायचं, त्यांना काही कळत नाही.

मीच जेट पेट्रोलमध्ये भिजवलं, सायकलच्या पंपाने हवा मारली, सांध्यांतून गळू नये म्हणून गॅस्केटं तेवढी नवी घातली. सकाळी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. शेजारचे काका कौतुकाने खिडकीशी वाकले. "नवा कार्बुरेटर बसवलात वाटतं?"

मी काच वर केली.