तांब्याच्या तारेला खळ

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला संशोधनासाठी बंगलोरला जायचं होतं आणि आईला मला पाठवायचं नव्हतं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धातूचे अणू अतिशय थंड करून चुंबकाच्या सापळ्यात धरता येतात, हे जगात नुकतंच कुठे जमलं होतं, आणि मला त्याचं वेडच लागलं होतं. "जे डोयाले दिसत नाही, त्याच्यासाठी घर सोडते का वं कोणी?" आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की घरात बाकी कोणाची बोलायची बिशाद नसे.

बंगलोरचे एक सर विद्यार्थी निवडायला आमच्या विभागात येणार होते. त्यांना दाखवायला मी सापळ्याचं मॉडेल करायला घेतलं. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, समोरासमोर, वीज एकमेकांच्या उलट दिशेनं. पण मेली ती तार काही नीट गुंडाळली जाईना. आम्ही कोष्टी. चरख्यावर सुताच्या कांड्या भरण्यात आईचा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. माझी फजिती पाहून पाहून ती वैतागली. "सोड, तुले नाही जमत," म्हणत चरखा ओढून स्वतःच बसली.

सरांसमोर मी बटण दाबलं. वेटोळी तापली आणि खोलीभर करपलेल्या भाताचा वास! मागोमाग धूर. अरे देवा! सूत तुटू नये म्हणून लावतात तशी आईनं तारेला तांदळाची खळ लावली होती. मी तसं सांगितलं, तर सर पोट धरून हसले. खिडक्या उघडून ते विचारत राहिले. अणू थंड कशाला करायचे? तापलेले असले तर सापळ्यात ठरत नाहीत, सर. आणि आत एकमेकांवर आदळले तर? एखाद्याचं चुंबकपण उलटं होतं, मग सापळाच त्याला बाहेर लोटतो. किती नि कसे आदळतात, तेच मला बघायचंय. माझी निवड झाली.

तरी घरी आले ती भांडतच. "खळ काहून लावली वं माय? नाक कापलं माझं!"

आई तांदूळ निवडून राहिली होती. "नसती लावली अन् तार तुटली असती, तं तू जन्मभर म्हणली असती, मायले पाठवाचं नव्हतं, म्हणून तिनं कच्चं काम केलं."

मला एकदम भरून आलं. निवड झाल्याचं रडतरडतच सांगितलं.

"मंग रडून काहून राहिली, येडे?" ती म्हणाली, आणि स्वतःच हमसून रडायला लागली.