काटा कायम खाली

अकोल्याचे आमचे मिस्त्री गाडी सुरू करून रेडिएटरच्या पाइपावर तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात, तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसे. माझी जुनी गाडी पेट्रोल फार पिते म्हणून मुलगा ती विकायला निघाला होता.

"पाइप आत्ताच कोमट होऊन राहिला. इंजिन तापेपर्यंत पानी अडवनारा थर्मोस्टॅटच नाही आत, मंग इंजिन गरम होईन कसं? थंड इंजिन पेट्रोल जास्तच पिते. कोनं काढला?"

मी पदर सारखा करू लागले. वऱ्हाडी उन्हाच्या धास्तीनं पन्नाशीत मीच तो काढायला लावला होता, आणि 'माझी गाडी तापतच नाही' म्हणून गावभर मिरवले होते. शहाणीच मोठी!

ते माझ्याकडे पाहून मिशीत हसले. मुलाला म्हणाले, "जुन्या मिस्त्र्याचं काम दिसते, भाऊ. नवा बसवतो. इकू नका."

नवा बसल्यावर तापमानाचा काटा वर चढून मधोमध थांबला, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. निघताना ते खिडकीशी वाकले. "आजी, थोडी तापू देत जा तिले. तुमी नाही का तापत?"